गिअरचा दांडा आणि डावा हात

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतील काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे पर्व संपले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. तेव्हा हिशेब सरळ होता. वृत्तपत्रांनी तिला हळवे निरोप दिले. तिचा रंग, तिच्या छतावरील सामानाचा कठडा, तिच्या आसनांची चित्रविचित्र कापडे, सगळ्यांची आठवण निघाली. तिच्या गिअरविषयी मात्र माझ्या वाचनात फारसे काही आले नाही. मला तर तेच तिचे मुख्य लक्षण वाटत आले आहे.

पद्मिनीचा गिअर जमिनीतून वर येत नसे. तो स्टिअरिंगच्या दांड्यालाच आडवा जोडलेला असे. लोक त्याला ‘हँडगिअर’ म्हणत. मधली जागा त्यामुळे मोकळी राही आणि पुढच्या अखंड बाकावर चालकाशेजारी दोन माणसे दाटीवाटीने बसत. वर्षानुवर्षांच्या वापराने त्या दांड्याला इतकी सैल मोकळीक आलेली असे, की नवख्या माणसाला कोणता गिअर कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, याचा पत्ता लागू नये. चालकाला मात्र तो पाहावाही लागत नसे. त्याचे बोलणे चालू असे, नजर सिग्नलवर असे, आणि हात आपल्या ठिकाणी आपोआप जात असे.

ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांची ओळख या अंकाच्या वाचकांना करून देण्याची गरज नाही. सोलापूरच्या या उद्योगपतीने जहाजे आणि विमाने यांच्याबरोबर मोटारीचेही स्वप्न पाहिले. १९४४ मध्ये कंपनी स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडली. फियाटशी संबंध जुळला तो पुढच्या दशकात, आणि त्यातूनच कालांतराने पद्मिनी आली. १९५३ मध्ये वालचंदजींचे निधन झाले. ती त्यांना पाहायला मिळाली नाही. परंतु महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा डावा पाय ज्या क्लचवर तयार झाला, त्याच्या मुळाशी त्यांचे धाडस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण असे, की आता केवळ एक गाडी नव्हे, तर हाताने गिअर बदलण्याची ती क्रियाच हळूहळू अस्तंगत होऊ लागली आहे; आणि जसजशी ती दुर्मीळ होते आहे, तसतसा तिच्यावर जीव टाकणारा एक वर्ग जगभर वाढतो आहे. या उत्साहात कितपत तथ्य आहे आणि कितपत नुसतीच स्मरणरंजनाची हौस आहे, हे थोडे तपासून पाहावे असे मनात आले.

मुळात गिअर लागतो कशाला? पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाचा स्वभाव विचित्र आहे. ते एका ठरावीक वेगाने फिरत असेल तरच जोर देते. अगदी मंद फिरले तर बंद पडते, फार वेगाने फिरले तर नुसताच आक्रोश करते. उभी गाडी हलवायची तर जोर अधिक आणि वेग कमी हवा. मोकळ्या रस्त्यावर नेमके उलटे. लहान-मोठ्या दंतचक्रांच्या जोड्या बदलून हा मेळ घालावा लागतो, आणि जोडी बदलताना क्षणभर इंजिन व चाके यांचा संबंध तोडावा लागतो. तो तोडणारा क्लच. फ्रान्समधील पानार-लेव्हासोर यांच्या १८९१ च्या सुमाराच्या गाडीत पुढे इंजिन, मग क्लच, मग सरकत्या दंतचक्रांची पेटी अशी रचना आली आणि पुढची शंभर वर्षे मोटार बहुधा त्याच वळणाने गेली. सुरुवातीच्या काळात दोन चक्रांचे वेग जुळवणे हे चालकाचेच काम असे. क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करायचा, ही ‘डबल क्लच’ची विद्या जुने ट्रकचालक आजही सांगतात. १९२८ मध्ये कॅडिलॅकने वेग आपोआप जुळवणारी योजना आणली आणि दात खडखडणे पुष्कळ थांबले. १९३९ च्या अखेरीस ओल्ड्‌समोबिलने तर क्लचचे पायडलच काढून टाकले.

म्हणजे स्वयंचलित गिअर काही आजचा नव्हे. आपल्याकडे तो आला उशिरा, आणि आला तोही पुष्कळ दिवस श्रीमंतांच्या परदेशी गाड्यांतून. सामान्य घरात तो शिरला २०१४ मध्ये, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. तिच्यातली युक्ती मोठी काटकसरीची होती: गिअरची पेटी तीच, क्लच तोच, फक्त आपल्या हातापायांच्या जागी यंत्राचे हातपाय. प्रत्येक गिअर बदलताना गाडी किंचित मान डोलावते, ही त्या पद्धतीची ओळख. पण साध्या गाडीहून थोडे पैसे अधिक मोजले की डाव्या पायाला कायमची विश्रांती मिळू लागली, आणि शहरांतील खरेदीचा कल पाहता पाहता बदलला.

हौशी लोक पूर्वी दोन युक्तिवाद ठामपणे करीत: हाताच्या गिअरची गाडी इंधन कमी खाते आणि पळते अधिक. आज दोन्ही लंगडे पडले आहेत. नव्या स्वयंचलित गाड्यांचे प्रमाणित ॲव्हरेज अनेकदा हातगिअरइतके किंवा त्याहून सरस असते, आणि दुहेरी क्लचच्या पेट्या इतक्या क्षणार्धात गिअर बदलतात, की कोणत्याही माणसाचा हात तेथे पोहोचू नये. उपयुक्ततेच्या तागडीत हातगिअरचे पारडे वर गेले आहे, हे आधी मान्य केलेले बरे.

तरीही गंमत पाहा. २०१३ मध्ये पोर्शने आपली ९११ जीटी३ ही शर्यतीच्या बाण्याची गाडी केवळ स्वयंचलित गिअरमध्ये आणली. नवी गाडी अधिक वेगवान होती. चाहते मात्र खट्टू झाले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर या नावाने हातगिअरच्या मोजून ९९१ गाड्या काढल्या. त्या हातोहात गेल्या आणि जुन्या बाजारात त्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर चढले. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये हातगिअर परत आला. टोयोटाने २०२२ मध्ये आपल्या सुप्रा गाडीला असाच तो नव्याने दिला. अमेरिकेत आज नव्या गाड्यांत शंभरी दोनसुद्धा हातगिअरच्या निघत नाहीत. तेथील ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकाने २०१० मध्येच ‘मॅन्युअल वाचवा’ अशी मोहीम काढली होती. चोराने गाडी पळवायला घेतली, आत बसल्यावर तीन पायडल पाहिली आणि बिचारा तसाच पायी निघून गेला, अशा बातम्याही तिकडून अधूनमधून येतात.

येथे मला एक उलटापालट दिसते. स्वयंचलित गिअर ही एके काळी धनिकांची चैन होती आणि दांडा ओढणे हे गरिबाचे काम. आता पश्चिमेकडे तोच दांडा धनिकांची चैन ठरतो आहे. आपल्या देशात मात्र दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर शेजारी उभ्या आहेत. सर्वांत स्वस्त गाडी आजही हातगिअरचीच मिळते, आणि मालाने भरलेला ट्रक हाकणारा चालक दिवसातून शेकडो वेळा क्लच दाबतो तो हौसेने नव्हे. सायंकाळी सातला सिंहगड रस्त्यावर किंवा सायनच्या चौकात पहिला, दुसरा, पुन्हा पहिला असे तासभर करणाऱ्या माणसापुढे गिअरच्या रसिकतेचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होईल. ज्यांचा डावा पाय अधू आहे, ज्यांचे गुडघे थकले आहेत, ज्यांनी गाडी बंद पडेल आणि मागचे हॉर्न वाजवतील या भयानेच कधी स्टिअरिंग हाती धरले नाही, अशा किती जणांना ऑटोमॅटिकने बाहेरचे जग मोकळे करून दिले आहे. या एका कारणासाठीच मी तिला कधी नावे ठेवणार नाही.

मग उरते काय? हा प्रश्न माझ्या कन्येने मला अधिक रोखठोक शब्दांत विचारला. ती आता गाडी शिकणार आहे. “बाबा, जे काम यंत्र माझ्याहून चांगले करते, ते मी कशासाठी शिकायचे?” घरात येणारी पुढची गाडी ऑटोमॅटिक असणार, हे ठरलेले आहे. तिच्या आईचा गुडघा ते ठरवून बसला आहे.

पहिले उत्तर व्यवहाराचे दिले. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली, तर परवाना तेवढ्यापुरताच मिळतो. हातगिअरची गाडी त्यावर चालवता येत नाही. जपाननेही १९९१ पासून असा वेगळा परवाना ठेवला आहे. ज्याला हातगिअर येतो त्याला दोन्ही येतात. उलट मात्र होत नाही. शिवाय बॅटरी उतरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालून, चार जणांनी धक्का मारून सुरू करण्याचा जो सामुदायिक सोहळा आहे, तो ऑटोमॅटिकच्या नशिबी नाही. यावर ती हसली. पटले असे दिसले नाही.

दुसरे उत्तर मला नीट मांडता आले की नाही, कोण जाणे. हातगिअरच्या गाडीत इंजिनाची अवस्था हाताला आणि तळव्याला कळते. चढावर गाडी दम टाकू लागली की पायाखाली बारीक थरथर येते, आवाज जड होतो, आणि तुम्ही खालचा गिअर टाकता. ते ठरवून केलेले नसते; चुलीवरचे दूध वर येण्याआधी आईचा हात जसा पुढे होतो, तसे ते असते. चढावर थांबलेली गाडी हँडब्रेक लावून, हाफ क्लचवर धरून, मागे तसूभरही न सरकू देता पुढे काढणे, हे पहिल्यांदा साधते त्या दिवशी माणसाला काय वाटते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. यंत्र आणि आपण यांच्यामध्ये त्या क्षणी कोणी तिसरा नसतो. मोबाइल हाती घ्यायला हातही मोकळा नसतो, हा आणखी एक लाभ; पण तो फार ताणून धरीत नाही, कारण आपल्या रस्त्यांवर गिअर बदलता बदलता फोनवर बोलणारेही महाभाग आहेत.

याच जाणिवेचा उताराशी जो संबंध आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने चालक सांगत आले आहेत. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना आवरून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर गेल्या काही वर्षांत जे भीषण अपघात झाले, त्यांच्या चर्चेत एक कारण पुनःपुन्हा पुढे आले: इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडलेली अवजड वाहने आणि तापून निकामी झालेले ब्रेक. ट्रकच्या चालकाच्या हाती दांडा होता. तो वापरला गेला नाही. दुसरीकडे, स्वयंचलित गाड्यांतही उतारासाठी गिअर खाली धरून ठेवण्याची सोय बहुधा दिलेली असते, ‘एल’ किंवा ‘एम’ या अक्षराने; परंतु मी विचारलेल्या दहा-बारा मालकांपैकी दोघांनाच ती माहीत होती. ज्याने एकदा हाताने गाडी उतरवली आहे, तो हे अक्षर शोधतो. ज्याने ‘डी’शिवाय काही पाहिलेच नाही, त्याला ते शोधावे असे सुचतही नाही. कन्येला मी हेच सांगितले, आणि या वेळी ती गप्प राहिली.

हातगिअरचा खरा अंत मात्र ऑटोमॅटिकने होणार नाही. तो विजेच्या मोटारीने होईल. विजेची मोटर उभ्या जागेपासूनच पूर्ण जोर देते. तिला ना क्लच हवा, ना दंतचक्रांच्या अनेक जोड्या. बहुतेक गाड्यांत एकच कायमची जोडी पुरते. म्हणजे गिअर बदलण्याचे कारणच उरत नाही. आणि तरीही ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन ही विजेवर चालणारी गाडी काढली, तेव्हा तिच्यात आठ खोटे गिअर घातले. स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की गाडी गिअर बदलल्यासारखा हिसका देते, ध्वनिक्षेपकातून इंजिनाचा चढता-उतरता आवाज येतो, आणि वेळेवर गिअर वाढवला नाही तर ती वेग वाढवायचे नाकारते. हे सगळे एका कळीने बंदही करता येते.

कन्येला याची चित्रफीत दाखवली. तिने ती दोनदा पाहिली, आणि मग आमच्या भागातील ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. त्यांच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत. तिने जुनी, पाच गिअरची मागितली. वर्ग सोमवारपासून, सकाळी साडेसहाला, रस्ते मोकळे असताना.