डब्यावरचा आकडा कोणी मोजला?

दिवाळीच्या सुट्टीहून परत येणाऱ्या ट्रंकांमध्ये चिवडा आणि शंकरपाळे असतातच. गेली दोन वर्षे त्यांच्या शेजारी आणखी एक वस्तू दिसू लागली आहे: प्रोटीन पावडरचा मोठा काळा डबा. बॉक्सिंगच्या टीमला वजन वाढवायचे असते, बारावीच्या दादांना एसएसबीआधी खांदे रुंद करायचे असतात. हाउस मास्टर डबे जप्त करतात, आणि पुढच्या टर्मला नवे डबे येतात. मला वाटते, दोन्ही बाजू एक साधा प्रश्न विचारायला विसरतात. या डब्यात नेमके काय आहे आणि ते कोणी मोजले आहे?

डब्याच्या पुढच्या बाजूला प्रथिनांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. कॅल्शियम, लोह, सोडियम, पोटॅशियम हे मागे बारीक अक्षरांत, तेही असले तर. शिसे आणि कॅडमियम यांची ओळ मी अजून एकाही डब्यावर पाहिलेली नाही. पण खनिजे काही आपण बोलावल्यावरच येत नाहीत. वनस्पती जमिनीतून कॅल्शियम घेतात तसे शिसे आणि कॅडमियमही घेतात. म्हणून तांदूळ किंवा वाटाण्यापासून केलेल्या पावडरीत हे धातू उतरू शकतात. चॉकलेट फ्लेवरमधल्या कोकोतूनही कॅडमियम येते. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते आणि शिसे हाडांत. आपली हाडे तर अजून वाढत आहेत.

'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' असे आपल्याकडे म्हणतात. २०१० मध्ये अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने १५ प्रोटीन पेये तपासली. आर्सेनिक, कॅडमियम, शिसे, पारा यांपैकी निदान एक धातू प्रत्येक पेयाच्या किमान एका नमुन्यात सापडला. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के डब्यांवरची प्रथिनांची माहितीच चुकीची निघाली. पुढचा मोठा आकडा जुळत नसेल, तर मागच्या बारीक आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

खनिजे मोजणे ही काही जादू नाही. ज्वाला परीक्षेत सोडियम पिवळी, कॅल्शियम विटकरी आणि पोटॅशियम फिकट जांभळी ज्योत देते. मोठ्या प्रयोगशाळेत याच तत्त्वावर काम चालते. आधी पावडर अचूक तोलतात. मग बंद भांड्यात नायट्रिक आम्ल घालून मायक्रोवेव्हमध्ये तापवतात, म्हणजे प्रथिने तुटतात आणि धातू द्रावणात उतरतात. ते द्रावण अतितप्त आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात फवारतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देते, त्याच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. शिशासारखे अगदी थोडे असलेले धातू मोजायला आयसीपी-एमएस हे यंत्र वापरतात. ते अणूंना वस्तुमानानुसार वेगळे करून मोजते. आणि ज्याची मात्रा आधीच ठाऊक आहे असा प्रमाणित नमुना त्याच यंत्रातून काढतात. आपण फायरिंगआधी रायफल झिरो करतो, तसेच हे. झिरो न केलेल्या रायफलीच्या ग्रुपिंगवर कोणी भरवसा ठेवत नाही.

आकडा वाचायलाही शिकावे लागते. समजा, एका किलो पावडरीत ०.१ मिलिग्रॅम शिसे आहे. ऐकायला काहीच नाही. पण ३० ग्रॅमचे दोन स्कूप घेतले की रोज ६ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी संपूर्ण आहारातून मिळून ठेवलेली संदर्भ पातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. दुसरे उदाहरण कॅल्शियमचे. १००० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये खरे कॅल्शियम फक्त ४०० मिलिग्रॅम असते. लेबलवर कोणता शब्द छापला आहे, यावर सगळे हिशेब बदलतात.

काही दादा म्हणतात, मेसच्या जेवणावर अंग भरत नाही. ही तक्रार हसून टाळू नये, तीही मोजून पाहावी. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दूध, दोन अंडी आणि आपल्या बिहारी मित्रांच्या आवडीचे ५० ग्रॅम सत्तू यांतून ३५ ग्रॅमच्या पुढे मजल जाते. डाळ-रोटी त्याच्यावर. पहाटेची पीटी आणि संध्याकाळचे गेम्स यांमुळे आपली गरज थोडी जास्त असेलही, पण ती आणखी एका उसळीने भागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असेच सांगितले आहे.

तरीही नुसत्या जप्तीने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. जप्तीमुळे डबा गादीखाली जातो, आणि गादीखालच्या डब्याचे लेबल कोणी वाचत नाही. त्यापेक्षा नियम असा हवा: ज्याला डबा आणायचा आहे, त्याने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल सोबत आणावा. त्यात प्रथिने, खनिजे आणि जड धातू तिन्ही असावेत, आणि अहवालावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी जुळावा. मग डबा एमआय रूममध्ये डॉक्टरांकडे जमा राहील आणि ते ठरवतील तेव्हाच मिळेल. अहवाल नसेल तर डबा घरी परत. दुकानदार म्हणाला किंवा जिममधला भैया म्हणाला, हा अहवाल नव्हे.

हा नियम कडक आहे, हे मला मान्य आहे. बहुतेक डबे त्यात बसणार नाहीत, हेही मला दिसते. पण इथे आपण छातीचा घेर मोजतो, धावण्याची वेळ सेकंदात मोजतो, बुटांच्या लेसपर्यंत तपासणी करतो. मग रोज पोटात जाणारी गोष्ट तेवढी न मोजता का घ्यायची?

– एक कॅडेट, इयत्ता दहावी