थंडीत धूर नको, पाणी द्या

निफाडचा पारा 5-6 अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पाणी उतरलेल्या मण्यांना तडे गेले तर वर्षाची कमाई जाते, भीती खरीच आहे. पण धुरानं बाग उबदार राहते, हे मला पटत नाही.

आभाळ निरभ्र, वारा पडलेला असला की जमिनीची उष्णता किरणांवाटे वर निघून जाते. धूर तिला फारसा अडवत नाही. जाळाची ऊबही वरच जाते.

आता पाण्याचा हिशेब बघा. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं. 1 लिटर पाणी 1 अंशानं थंड होताना 1 किलोकॅलरी उष्णता सोडतं. 20 हजार लिटर 10 अंशांनी थंड झालं तर 2 लाख किलोकॅलरी. म्हणजे साधारण 50 किलो वाळलेलं लाकूड जाळल्याएवढी, तीही थेट जमिनीत. शिवाय ओली माती दिवसाचं ऊन जास्त साठवते, रात्री सोडते.

म्हणून सरपण वाचवा, पहाटे ड्रीप चालवा. लाईट नसेल तर आदल्या दिवशीच पाणी द्या. पण बेतानं. जास्त पाण्यानंही मणी तडकतात.