परिसंवाद महाडला का नको?

“महाडला? अहो, पण महाडला ऐकायला येणार कोण?”

फोनवरच्या प्राध्यापकांनी हा प्रश्न अगदी सहज विचारला. पॉलिमर हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. एका रविवारी महाडला येऊन दोन तास बोला, एवढीच माझी विनंती होती. प्रवासखर्च देतो, जेवण घरचं, मुक्काम घरी. ते म्हणाले, “पुण्यात ठेवा, मी नक्की येतो.” मग मी आणखी तिघांना विचारलं. एकाला संस्थेच्या लेटरहेडवर निमंत्रण हवं होतं. एकाने प्रमाणपत्र मिळणार का, ते विचारलं. तिसऱ्याचं उत्तर अजून यायचं आहे. नावं सांगत नाही, कारण चौघांनी तेच केलं जे सगळे करतात. माझं भांडण या ‘सगळे करतात’शी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. रायगडच्या या आतल्या पट्ट्यात पॉलिमरशी ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे, त्यांचे परिसंवाद इथेच, महाड-पोलादपुरात आणि मराठीत भरले पाहिजेत. मागास भागावर उपकार म्हणून नकोत. या शास्त्राचे अर्धे प्रश्न आणि बरीचशी उत्तरं इथे पडून आहेत, म्हणून हवेत.

पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. आपल्या परिभाषेत त्याला बहुवारिक म्हणतात. कापूस, लाख, रबर ही निसर्गाने केलेली बहुवारिकं. पॉलिथीन, नायलॉन, पीव्हीसी ही माणसाने केलेली. आता मुंबई-गोवा महामार्गाने खाली या. नागोठण्याला पॉलिथीन तयार होतं. लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे पेट्रोकेमिकल अभियांत्रिकी शिकवली जाते. महाडला रासायनिक एमआयडीसी आहे. पोलादपूरच्या वाड्यांवर काळे पाइप डोंगरातलं पाणी खाली आणतात. भात लावणाऱ्या बाईच्या डोक्यावर पूर्वी बांबू आणि पानांचं इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद असतो. एवढ्या सगळ्यांना जोडणारा एक विषय आहे आणि त्यावर बोलायला एकही जागा नाही.

देशात पॉलिमर शास्त्रज्ञांची संघटना आहे. तिच्या पुण्या-मुंबईला शाखा आहेत, मोठ्या परिषदा होतात, परदेशातून पाहुणे येतात. ते चांगलंच आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे आणि पॉलिमरवर तिथे जगात नाव घ्यावं असं काम झालं आहे. मी त्या परिषदा बंद करा म्हणत नाही. उच्च संशोधनाला तशी व्यासपीठं लागतात आणि तिथे इंग्रजीही लागते. पण वरंधा घाट उतरला की महाड येतं, आणि हे शास्त्र आजवर तो घाट काही उतरलेलं नाही. आमच्याकडे उतरतो तो फक्त माल.

याची किंमत काय, ते सांगतो.

२२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. पुढच्या दिवसांत माणुसकी दिसली ती खरीच. ट्रक भरभरून मदत आली आणि त्या मदतीत निळ्या ताडपत्र्या होत्या. आमच्या नात्यातल्या एका घरावर त्यातलीच एक ताडपत्री चढली. पुढचा उन्हाळा सरता सरता ती हाताला कुरकुरीत लागायला लागली. मृगाच्या तोंडावर ओढून बांधायला गेलो तर बोटाने भोक पडलं. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, घेणाऱ्याने जपून वापरली होती. मग चुकलं कोण?

उत्तर पॉलिमरच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून पॉलिथीनच्या साखळ्या तोडतात. साखळ्या आखूड झाल्या की लवचीक कागद ठिसूळ होतो. हे रोखायला मालात स्थिरक मिसळावे लागतात. त्यातला सगळ्यात साधा म्हणजे कार्बन ब्लॅक, बारीक काजळीच म्हणा. दोन-अडीच टक्के नीट मिसळली की तोच माल उन्हात वर्षानुवर्षं टिकतो. पाण्याचा पाइप काळा असतो तो काही हौसेने नव्हे. स्वस्त ताडपत्रीत निळा रंग असतो, पण स्थिरक नावापुरता किंवा तेवढाही नसतो. म्हणजे ताडपत्री घेताना तिची जाडी जेवढी विचारायची, तेवढंच तिला ऊन किती झेपेल तेही विचारायचं. एवढी एक गोष्ट इथल्या दहा दुकानदारांना, पाच सरपंचांना आणि मदत गोळा करणाऱ्या मंडळांना कोणी सांगितली असती, तर शेकडो घरांचा पुढचा पावसाळा वेगळा गेला असता. ती सांगायला एक तास आणि एक फळा पुरे होता. ज्यांना ती माहीत होती ते त्या वेळी कुठल्या तरी वातानुकूलित सभागृहात एकमेकांनाच ती सांगत होते.

आता ‘येणार कोण’चं उत्तर. वक्ता न मिळताही मी बैठक घेतली. शाळेचा वर्ग मिळाला नाही, म्हणून आमच्या मोहल्ल्यातला जमातखाना घेतला. एरवी तिथे लग्नाच्या पंगती बसतात. एकोणीस माणसं आली. कारखान्यातले तीन ऑपरेटर, एक निवृत्त केमिस्ट, पाइप बसवणारे दोघे, शेतकरी, दोन शिक्षक, एमएस्सी करणारी एक मुलगी, आणि भंगाराचा धंदा करणारे आमचे एक चाचा. मी स्वतः तेवीस वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले आहेत, तेव्हा सुरुवात मीच केली. वीस मिनिटांत माझं सांगून संपलं. मग चाचा उठले.

त्यांनी पाण्याची बादली मागवली आणि पोत्यातले तुकडे एकेक करून त्यात टाकले. डब्याचं झाकण, दुधाची पिशवी तरंगली. पाण्याच्या बाटलीचा आणि पाइपचा तुकडा बुडाला. “तरंगलं ते एलडी, एचएम नाहीतर पीपी. बुडालं ते पेट नाहीतर पीव्हीसी.” मग चिमट्यात धरून एक तुकडा पेटवला. मेणबत्ती विझल्यासारखा वास आला तर कोणता माल, काळी काजळी सुटली तर कोणता, डोळे झोंबले तर कोणता, हे त्यांनी सांगितलं. पाइपचा तुकडा मात्र त्यांनी पेटवला नाही. का, ते निवृत्त केमिस्टने समजावलं: पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. चाचा ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणून माझी दोन पोरं खोकत असतात होय?” त्यांच्या गोदामात तारेवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात.

एमएस्सीवाली मुलगी मला नंतर म्हणाली की घनता तिने गणितात सोडवली होती, बादलीत कधी पाहिली नव्हती. चाचांनी तिला घनता दाखवली आणि केमिस्टने चाचांना वाफ दाखवली. दोघांनी एकमेकांना काहीतरी दिलं. परिसंवाद म्हणतात तो याला. एकाने पडद्यावर चाळीस चित्रं दाखवायची आणि बाकीच्यांनी चहाची वाट पाहायची, त्याला आपण उगाच ते नाव दिलं आहे.

आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, मराठीत परिभाषा नाही. आहे, आणि जिथे नाही तिथे कामगाराने केली आहे. तापवल्यावर पुन्हा मऊ होणारं आणि एकदा घट्ट झालं की न वितळणारं, हा भेद त्याला रोजच्या कामातून कळतो. थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेट ही नावं त्याच भेदाची. शब्द अडत नाहीत, अहंकार अडतो.

दुसरा, कारखान्यांची गुपितं बाहेर जातील. कोणी कोणाचा फॉर्म्युला मागत नाही. पण धोका हे गुपित नसतं. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एका पॉलिमर कारखान्यातून स्टायरिनची वाफ सुटली आणि झोपेतली माणसं मेली. टाळेबंदीत टाकी भरून ठेवलेली होती, तापमान वाढत गेलं, प्रक्रिया रोखणारं रसायन कमी पडलं, आणि स्टायरिनचे रेणू टाकीतच एकमेकांना जुळू लागले. जुळताना उष्णता सुटते आणि उष्णतेने जुळणं आणखी वाढतं. जे शास्त्र आपल्याला बादली देतं, तेच आवरलं नाही तर जीव घेतं. अशी रसायनं जिथे साठवली जातात त्या गावच्या माणसाला एवढं माहीत असावं की नको? नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्याच एमआयडीसीत आगीत अकरा कामगार गेले. तो कारखाना औषधांचा होता, पॉलिमरचा नव्हे. पण शेजारच्या कारखान्यात काय साठवलं आहे हे आपल्याला ठाऊक नसणं, हे दुखणं सगळीकडे सारखंच आहे.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही: गावकरी आले की सावित्रीच्या पाण्याचं विचारतील. विचारतीलच. ज्या परिसंवादाला गावकऱ्याच्या प्रश्नाची भीती वाटते, त्याने शास्त्राचं नाव घेऊ नये. आणि प्रश्न नेहमी कारखान्यालाच अडचणीचे असतील असंही नाही. बाजारात कापडी म्हणून मिळणारी पातळ नॉन-वोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते, हे आमच्यातल्या किती पर्यावरणप्रेमींना माहीत आहे? २०१८ च्या प्लास्टिकबंदीत भाजीवालीने दंड भरला, पण कोणती पिशवी कशाची, हे तिला कोणी सांगितलं? ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी साधारण साठ अंश तापमानाच्या मोठ्या खतप्रकल्पासाठी असते. पोलादपूरच्या उकिरड्यावर ती लवकर विरघळणार नाही, हे तरी?

आणि लहान बैठकीतून काही मोठं होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हर्मन मार्कचं उदाहरण पाहावं. व्हिएन्नाचा हा रसायनशास्त्रज्ञ नाझींमुळे देश सोडून १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आला. संस्था साधी होती. सुरुवात झाली ती लाखेवर संशोधन करणाऱ्या विभागातून, आणि लाख हा तर आपल्या देशाचाच माल. मार्कने तिथे शनिवारी सकाळी पॉलिमरच्या बैठका भरवायला सुरुवात केली. प्राध्यापक यायचे, विद्यार्थी यायचे, आणि आसपासच्या कारखान्यांतले केमिस्ट सुट्टीच्या दिवशी वही घेऊन यायचे. अमेरिकेतलं पॉलिमरचं शिक्षण ज्या मोजक्या ठिकाणांहून वाढलं, त्यात ती संस्था गणली जाते. आमच्याकडे शनिवारही आहे आणि कारखानेही. त्यांना एकत्र बसवणारा मार्क तेवढा नाही.

खरं तर परिषद कशी भरवावी हे महाडला बाहेरून कोणी शिकवायची गरज नाही. चवदार तळं कायद्याने खुलं होतं. कौन्सिलचा ठराव १९२३ चा, नगरपालिकेचाही ठराव झालेला होता. तरी पाणी बंदच होतं. त्या पाण्याला हात लागला तो मार्च १९२७ मध्ये, बहिष्कृतांची परिषद इथे भरली आणि माणसं प्रत्यक्ष तळ्यावर चालत गेली तेव्हा. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्या लढ्याशी माझ्या बादलीची बरोबरी करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. तो माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. पण एवढं मात्र त्यातून शिकावं: कागदावर सर्वांचं असलेलं आपोआप सर्वांचं होत नाही. त्यासाठी माणसांना एका जागी यावं लागतं, आणि कोणीतरी जागा द्यावी लागते.

म्हणून माझ्या मागण्या अगदी किरकोळ आहेत. वर्षातून दोनदा, एकदा पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर, महाड किंवा पोलादपूरला एक दिवसाची बैठक व्हावी. सत्कार, शाल-श्रीफळ आणि दीपप्रज्वलनाला वेळ नको. जितके वक्ते पदवीवाले, तितकेच हाताने काम करणारे. प्रत्येक भाषणाएवढाच वेळ प्रश्नांना. कारखान्यांनी पैसे नाही दिले तरी चालेल, पण आपल्या कामगारांना त्या दिवशी पगारी रजा द्यावी. विद्यापीठांनी प्राध्यापकांच्या कामाच्या हिशेबात परदेशी परिषद मोजली जाते तशी ही बैठकही मोजावी. आणि विषय इथले असावेत: ताडपत्री, शेततळ्याचा कागद, पाइप, भंगार, घाटातल्या दरडी. उतारातलं पाणी वाहून जावं पण माती जाऊ नये म्हणून जमिनीत जे जिओटेक्सटाइल पुरतात, ते पॉलिमरचंच असतं. आंबेनळी आणि कशेडीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यापेक्षा जवळचा विषय कोणता?

पुढची बैठक मे महिन्यात आहे, जागा तीच. चाचा येणार आहेत. तारा आता ते जाळत नाहीत, सोलून घेतात. मजुरी जास्त जाते म्हणून कुरकुरतात, पण सोलून घेतात. प्राध्यापकांना मी पुन्हा फोन केला आहे. ऐकायला कोण येणार, हे या वेळी मी त्यांना नावानिशी सांगितलं. बोलायला कोण येणार, एवढंच आता त्यांनी मला सांगायचं आहे.