ओले धान्य वर ठेवा

रमजानच्या बाजारात फळे, खजूर घेताना गिऱ्हाईक वरचा थर पाहते. खालचा फक्त दुकानदाराला ठाऊक असतो. हजरत पैगंबर (स.) यांनी एका विक्रेत्याच्या धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे तो म्हणाला. मग लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे पैगंबरांनी विचारले आणि फसवणारा आपला नव्हे, असे बजावले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सदोष माल परत घ्यायला नकार देणे अनुचित ठरवले. तरी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाट्या टिकून आहेत. शिवाय कायदा येतो तक्रारीनंतर. एकांतातही पाण्याचा घोट न घेणाऱ्या रोजेदार दुकानदाराने खालचा थर आधीच दाखवावा. रोजा तराजूपाशी तुटू नये.