मांखिंग हे शहरच होते

युरोपला शहरे दिली ती रोमने, त्याआधी तिथे तटबंदीतली मोठी खेडीच होती, असे एका विद्वानांनी अलीकडे व्याख्यानात ठणकावून सांगितले. कारणे तीन: दगडी इमारती नाहीत, लेख नाहीत, आखीव चौक नाही.

लेखांचे म्हणाल, तर बव्हेरियातल्या मांखिंग या केल्टिक नगरातल्या एका खापरावर ‘बोइओस’ हे नाव कोरलेले सापडले आहे. आणि काशीच्या गल्ल्या आखीव नाहीत, म्हणून काशीला खेडे म्हणायचे का?

दगडाचा मुद्दा मात्र मला संताप आणतो. मांखिंग सुमारे ३८० हेक्टरांवर पसरले होते आणि त्याच्या तटाचा घेर सात किलोमीटरांहून अधिक होता. घरे लाकडाची होती. लाकूड कुजते आणि मागे उरतात खांबांच्या खड्ड्यांचे काळे डाग. ते डाग वाचायला खुरपे आणि ब्रश घेऊन मातीत बसावे लागते. तटात तर ओंडक्यांची चौकट लोखंडी खिळ्यांनी जखडली होती आणि तिला बाहेरून दगडी तोंड होते. एवढे लोखंड गाळणारे, एवढे लाकूड तोडणारे आणि एवढ्या हातांना कामाला लावणारे लोक गावगाड्यातले? ‘काहीच उरलेले नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की १९३६ ते १९३८ मध्ये विमानतळ बांधताना वस्तीचा मोठा भाग उकरून नष्ट झाला. पद्धतशीर उत्खनन सुरू झाले ते १९५५ मध्ये, आणि आजही बहुतेक जमीन न खणलेलीच आहे. १९९९ मध्ये सापडलेली ४८३ सोन्याची नाणी २०२२ मध्ये संग्रहालयातून चोरीला गेली. पुरावा असा एकेक करून आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे.

सगळे रोमने दिले, हा सूर आपल्याकडेही जुना आहे. तेर, भोकरदन या आपल्या जुन्या नगरांची भरभराट ही रोमन व्यापाराची देणगी, असे कितीदा ऐकले! माल घ्यायला परदेशी व्यापारी येतो, तो आधी तिथे माल घडवणारे असतात म्हणून.

आणि खुद्द रोमनांचे म्हणाल, तर सीझरने स्वतः गॉलमधल्या अलेसियाला आणि गेर्गोव्हियाला ‘ऊर्ब्स’ म्हटले, म्हणजे शहरच. मग आपण त्याच्याही पुढे जाऊन त्यांना खेडी का ठरवायचे?

माझे म्हणणे साधे आहे. जिथे नाणी पडतात, काचेच्या बांगड्या घडतात, इटलीची दारू कुंभांतून येते आणि हजारो माणसे एकाच तटाआड राहतात, ते शहर. मांखिंगचे वैभव इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ओसरले. रोमन सैन्य त्या मुलखात आले इ. स. पूर्व १५ मध्ये.