घेण्यास नकार

रजिस्टरने पाठवलेले पत्र परत आले की आपण आधी पाकीट उलटून पोस्टमनचा शेरा बघत असू. 'पत्ता अपुरा', 'घर बंद', 'या नावाचे कोणी राहत नाही', 'घेण्यास नकार'. आमच्या भागात हा शेरा कधी कन्नडमध्ये असे, कधी इंग्रजीत, आणि अक्षर बहुधा लागत नसे. पण पुढे काय करायचे ते त्या दोन शब्दांत कळे. पत्ता अपुरा असेल तर गल्लीचे नाव घालून पुन्हा टाकायचे. घर बंद असेल तर चार दिवस थांबायचे. नोटिशीचे पाकीट 'घेण्यास नकार' म्हणून आले तर ते न फोडता वकिलाकडे द्यायचे, कारण नकार दिला म्हणजे पत्र पोचले, असेच कोर्ट साधारणपणे धरते. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचा त्याला आधार आहे.

संगणकही एकमेकांना असेच निरोप पाठवतात आणि तेही परत येतात, शेऱ्यासकट. फक्त आपल्या हाती पडेपर्यंत मधले कोणीतरी तो शेरा पुसून टाकते. मोबाइलच्या पडद्यावर उरते एकच वाक्य: 'काहीतरी चुकले. आपले इंटरनेट तपासा.'

माझा विषय भाषा, संगणक नव्हे. पण आमच्या बीसीएच्या मुलांनी आपल्या प्रकल्पातले असे संदेश मराठी-कन्नडमध्ये करून द्या म्हणून आणले, आणि मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थच लागेना, तेव्हा संगणक विभागातल्या सहकाऱ्यांना गाठून खोलात शिरावे लागले.

दोन संगणकांनी बोलायचे तर प्रत्येकाकडे बोलण्याचे एक टोक लागते. त्याला सॉकेट म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे घडलेल्या युनिक्सच्या १९८३ मधील आवृत्तीतून ही पद्धत पसरली; आपल्या हातातले मोबाइलही तिच्याच वळणाने बोलतात. क्रम असा: आधी साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधायचा. मग त्या पत्त्यावरचे ठराविक दार ठोठवायचे. दाराला इंग्रजीत पोर्ट म्हणतात. वेबसाइटचे सुरक्षित दार ४४३ क्रमांकाचे. दार उघडले की बोलणे सुरू. यातली कोणतीही पायरी चुकू शकते, आणि प्रत्येक पायरीचे चुकणे वेगळे असते.

नावाचा पत्ताच मिळाला नाही, तर नाव लिहिताना चूक झाली असेल किंवा पत्ते सांगणारी यंत्रणा बंद असेल. दार ठोठावले आणि कोणी ओ दिली नाही, तर संगणक पुन्हा पुन्हा ठोठावतो. लिनक्सवर नेहमीच्या मांडणीत तो सुमारे दोन मिनिटे वाट बघून 'वेळ संपली' म्हणतो. ही शांतता. पलीकडचे यंत्र बंद आहे, वाट तुटली आहे, की मधल्या पहारेकऱ्याने निरोप गिळला, हे शांततेवरून सांगता येत नाही. तिसरा प्रकार सगळ्यांत बोलका: 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ठोठावताच पलीकडून उत्तर आले की या दारामागे ऐकणारे कोणी नाही. क्वचित मधला पहारेकरीच असे उत्तर देतो. पण एरवी याचा अर्थ स्पष्ट आहे: तुमचे इंटरनेट चालू आहे, वाट चालू आहे, पलीकडचे यंत्रही जागे आहे; फक्त तिथे काम करणारा प्रोग्रॅम खुर्चीवर नाही. परत आलेल्या नोटिशीसारखेच हे. नकार मिळाला म्हणजे निरोप पोचला.

अशा वेळी 'आपले इंटरनेट तपासा' असे सांगणे म्हणजे शुद्ध थाप आहे.

खानापूर तालुक्यातली आमची एक विद्यार्थिनी मागे शिष्यवृत्तीचा अर्ज एका ॲपवरून भरत होती. मुदतीला तीन दिवस उरले होते. ॲप म्हणे, इंटरनेट तपासा. तिने शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून करून पाहिले, मग नवे रिचार्ज मारले, मग वडिलांना मजुरी बुडवून बरोबर घेतले आणि बसने बेळगावला येऊन दोन सायबर कॅफे पालथे घातले. शेवटी ती कॉलेजात आली. आमच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतून तेच दार ठोठावून पाहिले. उत्तर डोळ्याचे पाते लवण्याआधी आले: नकार. म्हणजे इकडे कुणाचेच काही बिघडले नव्हते. पुढे मुदत वाढली म्हणून अर्ज गेला. दोन दिवसांची मजुरी, बसभाडे आणि रिचार्ज गेले ते गेलेच. खरे वाक्य दिसले असते तर ती घरीच थांबली असती.

मग हा शेरा पुसला कुठे जातो? सी भाषेत सॉकेटची हाक फसली की ती फक्त 'उणे एक' एवढे परत देते आणि कारणाचा आकडा 'एरनो' नावाच्या एका खणात ठेवते. हा खण एकच. पुढची एखादी हाक फसली की जुना आकडा जाऊन नवा तिथे बसतो. म्हणून कारण हाती पडताक्षणी उचलून बाजूला ठेवावे लागते. आधी इतर आवराआवर करून मग खणात हात घातला तर भलताच कागद हाती येतो. जुन्या युनिक्सवर परत आलेल्या ईमेलवर कधी कधी 'हा टाइपरायटर नव्हे' अशा अर्थाचा शेरा दिसे! टपालाचा टाइपरायटरशी काय संबंध? काहीच नाही. मधेच कुठल्याशा प्रोग्रॅमने 'हे टर्मिनल आहे का?' अशी चौकशी केलेली असे, त्याचे उत्तर खणात राहिलेले असे, आणि तेच कारण म्हणून छापले जाई.

आणखी एक घोटाळा. एका नावाचे कधी कधी चार आकडी पत्ते असतात, नव्या पद्धतीचे आणि जुन्या. प्रोग्रॅम ते एकामागून एक करून बघतो आणि कित्येकदा शेवटच्या पत्त्याचे रडगाणे तेवढे सांगतो. पहिल्या तीन ठिकाणी काय झाले? कोणी लिहूनच ठेवलेले नसते. आकड्यांचीही गंमत आहे: एकाच नकाराला लिनक्स १११ म्हणते, ॲपलचा मॅक ६१ म्हणतो आणि विंडोज १००६१. तेव्हा कोणत्या यंत्रावरचा ते न सांगता नुसता आकडा फेकणे म्हणजे गावाचे नाव न घालता घर नंबर सांगणे.

भाषेचा भाग माझा, म्हणून तिथे थोडे रेंगाळतो. मुलांनी कन्नडमध्ये लिहून आणले होते: 'संपर्क निराकरिसलागिदे'. कन्नड म्हणून अगदी शुद्ध. पण आपल्या घरांत सून कन्नड शाळेत शिकलेली आणि सासूबाई मराठी शाळेत. सुनेला 'निराकरणे' म्हणजे नकार. सासूबाईंना 'निराकरण' म्हणजे तक्रार मिटली, अडचण सुटली! सुनेने पडद्यावरचे वाचून दाखवले तर सासूबाई म्हणणार, "झालं की मग, आता कशाला काळजी?" शिवाय दोन्ही भाषांत ते वाक्य कर्मणी. 'नाकारण्यात आले आहे.' कोणी? कशाला? वाचणाऱ्याला वाटते आपला अर्जच फेटाळला. त्या मुलीच्या वडिलांनाही तसेच वाटले असते. शब्दाला शब्द ठेवून इथे भागत नाही. झाले काय ते सांगावे लागते.

पुष्कळ खल करून मराठी मसुदा ठरला तो असा: 'अर्ज पाठवता आला नाही. आपले इंटरनेट चालू दिसते. शिष्यवृत्तीच्या यंत्रापर्यंत निरोप पोचला, पण तेथील अर्ज घेणारी सेवा आत्ता बंद आहे. अर्ध्या तासाने पुन्हा पाठवा. तक्रार करायची असल्यास हे कळवा: दार ४४३, लिनक्स १११, रात्री ९ वाजून १४ मिनिटे.' एका मुलाने शेवटी 'आपली माहिती जपून ठेवली आहे' असे घातले होते. मी विचारले, खरोखर ठेवता का? नाही म्हणाला. मग आधी ठेवायची सोय कर आणि नंतर वाक्य घाल, असे सांगितले. शांततेसाठी वेगळा मसुदा आहे, आणि त्यात 'कारण आम्हाला कळत नाही' हे सरळ लिहिले आहे. मुलांना त्यात कमीपणा वाटत होता. मला वाटत नाही.

एका सहकाऱ्यांचा आक्षेप होता की इतके सगळे सांगितले तर चोरालाही घराचा नकाशा मिळेल. तो रास्त आहे. आतल्या यंत्रांची नावे आणि पत्ते पडद्यावर दाखवू नयेत. ते सांभाळणाऱ्याच्या नोंदवहीत जावेत. पासवर्ड तर नोंदवहीतही नको. पण 'लोक वाचत नाहीत' हे त्यांचे दुसरे म्हणणे मला मान्य नाही. पोस्टमनचे ते गिचमिड अक्षर आपण उजेडाकडे धरून वाचतच होतो ना?

घरी असा प्रसंग आला तर लगेच रिचार्ज मारू नका. आधी दुसरी एखादी साइट उघडते का पाहा. मग बघा, 'काहीतरी चुकले' हे झटकन आले की बराच वेळ चाक फिरून आले. दुसरी साइट उघडते आणि उत्तर झटकन येते, तर दोष बहुधा पलीकडे आहे. पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्यात वेळ दिसू द्या, आणि संदेश कन्नडमध्ये असेल तर तो मराठीत न उतरवता जसाच्या तसा पुढे पाठवा.