नोकरी सोडू नका, आधी तारखा मांडा

“डॉक्टर, ट्रीटमेंटसाठी मी नोकरी सोडू का?”

मूल होण्यासाठी उपचार घेऊ लागलेल्या जोडप्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतेच. विचारते ती बायको. नवऱ्याने स्वतःच्या नोकरीबद्दल असे विचारल्याचे मला आठवत नाही. माझे उत्तर ठरलेले आहे. शक्यतो सोडू नका. आधी कागद-पेन घ्या.

तुमची अडचण मला समजते. कोरेगावच्या शाळेतून किंवा कराडच्या बँकेतून साताऱ्याला सोनोग्राफीला यायचे म्हणजे प्रवास आणि नंबर यात अर्धा दिवस जातो. खरे कारण सांगावे, तर सगळे ऑफिस ‘गोड बातमी’ची वाट बघू लागते. मग कधी सासूबाईंचे गुडघे, कधी भावाचे लग्न. अशी कारणे संपतात, रजाही संपतात, आणि उपचार तरी सुटतात किंवा नोकरी तरी. पण हे उपचार खर्चिक आहेत. ऐन खर्चाच्या वेळी एक पगार बंद करून काय साधणार?

सगळ्या तारखा सारख्या नसतात. त्यांचे तीन गट करा.

पहिला गट, तुमच्या सोयीचा. थायरॉइड, ए.एम.एच. या रक्ततपासण्या कोणत्याही दिवशी होतात. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात, पण तारीख तुम्हीच ठरवता.

दुसरा गट, थोडा मागेपुढे होणारा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची सोनोग्राफी आणि नंतर बीजाची वाढ बघण्यासाठीच्या सोनोग्राफी. यांना दिवस महत्त्वाचा, तास नाही. शाळेआधी किंवा ऑफिसनंतर चालेल का, हे स्पष्ट विचारा. आय.व्ही.एफ.ची रोजची इंजेक्शने इन्सुलिनसारखी पोटावर घरीच घेता येतात. त्यासाठी रोज दवाखान्यात यायला नको.

तिसरा गट, न हलणारा. बीज पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन सोमवारी रात्री दहाला घेतले, तर साधारण 36 तासांनी, म्हणजे बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास, स्त्रीबीजे काढायची असतात. इथे मीटिंग, परीक्षा, ऑडिट काही चालत नाही. भूल दिलेली असल्याने त्या दिवशी कामावर जायचे नाही. दुसऱ्या दिवशीचीही रजा हाताशी ठेवा. गर्भ गर्भाशयात सोडण्याचा दिवसही ठरलेला असतो. मात्र त्यानंतर पंधरा दिवस अंथरुणात पडून राहिल्याने गर्भ जास्त रुजतो, असे दिसलेले नाही. बहुतेकींना बैठे काम करता येते. गर्भ गोठवून ठेवले असतील, तर हा दिवस बराचसा तुमच्या सोयीने ठरवता येतो.

म्हणजे आय.यू.आय.च्या महिन्यात न हलणारा दिवस बहुधा एक, आय.व्ही.एफ.मध्ये दोन-तीन. राजीनाम्यापेक्षा हे बरेच हलके आहे.

आता नवऱ्यांसाठी. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत आणि फौजी तर गावोगाव आहेत. त्यांची सुट्टी आणि बायकोची पाळी यांचा मेळ क्वचितच बसतो. अशा वेळी सुट्टीत वीर्याचा नमुना देऊन तो गोठवून ठेवता येतो. लेखी संमतीच्या सह्याही तेव्हाच उरकायच्या. फिरतीची नोकरी असणाऱ्यांनाही हे लागू आहे. जे घरीच आहेत, त्यांनी निदान न हलणाऱ्या दिवशी रजा टाकावी. दर वेळी तिनेच का?

कायद्याने मुलाच्या जन्मासाठी 26 आठवडे आणि गर्भपात झाल्यास 6 आठवडे पगारी रजा आहे. गर्भ राहण्याआधीच्या उपचारांसाठी अशी वेगळी रजा नाही. ती असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. तोपर्यंत किरकोळ आणि आजारपणाच्या रजा जपून वापरा. दाखल्यावर ‘स्त्रीरोगविषयक उपचार’ एवढे पुरते. आय.व्ही.एफ. लिहिलेच पाहिजे असे नाही. विश्वासाच्या एका वरिष्ठाला सांगून ठेवलेत तर रोजच्या थापा वाचतील. किती सांगायचे, हे तुम्ही ठरवा.

रोजंदारीवरच्या बाईला तर हीही रजा नाही. तिचा दिवस बुडाला की मजुरी बुडाली. म्हणून आम्ही डॉक्टरांनीही बदलायला हवे. दहाची वेळ देऊन एकला बोलावणे ही आमची चूक आहे. सकाळी लवकर सोनोग्राफी ठेवणे आम्हाला जमण्यासारखे आहे.

दोन गोष्टी मात्र कामासाठी पुढे ढकलू नका. इंजेक्शनांच्या काळात किंवा नंतर पोट फुगले, सतत उलट्या झाल्या, धाप लागली, लघवी कमी झाली, तर हातातले काम टाकून लगेच या. आणि वयाची पस्तिशी ओलांडली असेल, तर ‘प्रमोशन झाल्यावर बघू’ म्हणू नका. बीजांची संख्या आणि प्रत वयाबरोबर घटते. ती प्रमोशनसाठी थांबत नाही.

पुढच्या भेटीला येताना दोघांच्या कामाचे वेळापत्रक घेऊन या. रिपोर्टांच्या फाइलइतकेच तेही मला बघायचे आहे.